कारणाचा रकाना

९ नोव्हेंबर १९८१
आज नलूच्या नोकरीच्या पोलीस-पडताळणीला हवालदार येऊन गेला. पुन्हा येणार आहे. तेव्हा मला तारखा आणि कोण काय बोललं ते नेमकं सांगता आलं पाहिजे, म्हणून लिहायला बसले. एरवी मला ही सवय नाही.
नलूला दारूगोळ्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत जागा मिळाली आहे. पडताळणी झाली की रुजू. हवालदारानं चहा घेतला, वडिलांचं नाव, पत्ता, शिक्षण उतरवून घेतलं. उठता उठता म्हणाला, "बाई, पोरगी बाहेरच्या देशाले चिठ्ठ्या लिवते म्हणे?"
"कोण म्हणे?"
"वामन सांगून राहिला होता ना टपरीवर. रेडिओत नाव आलं म्हणे."

१० नोव्हें.
शाळेआधी वामनला गाठलं. बोडीच्या तळ्याकाठी जाळं वाळत घालत होता. ट्रान्झिस्टर शेजारी चालूच.
"मी सोता आयकलो ना, बाई. त्या परदेशी केंद्रावर हिंदीत चिठ्ठ्या वाचते, त्याच्यात. नलूताईचं नाव घेतलं, भंडाऱ्याचं घेतलं. अंगावर काटा आला. सांगू नाही तं काय करू?"
आणखी काय वाचलं, मी विचारलं.
"कारखाना जोरात चालला का हिचा रेडिओ घोगरा होते म्हणून. मांगच्या महिन्यात रातपाळी वाढली, थेही सांगतलं."
शाळेत पोचायला दहा मिनिटं उशीर. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

११ नोव्हें.
नलू पाच वर्षं परदेशी केंद्रं ऐकते आहे. कोणतं केंद्र, किती वाजता, आवाज कसा, खरखर किती, हे तक्त्यात भरून अहवाल पाठवायचा. मग केंद्राकडून छापील चित्रकार्ड येतं. एकसष्ट कार्डं जमली आहेत, वहीत चिकटवलेली. २२ तारखेला नागपूरला अशाच श्रोत्यांचा मेळावा आहे, तिथे ती वही मांडायची होती.
आज अहवालांच्या कार्बन प्रती काढून पाहिल्या. प्रत ठेवायची शिस्त माझीच. 'आवाज घोगरा' एवढं लिहून ती थांबायची. निरीक्षण आहे पण कारण नाही, तर अर्धेच गुण, असं मीच म्हटलं होतं. म्हणून तिनं शेवटी रकाना वाढवला: कारण.
जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. कोणत्या दिवशी, किती वाजता विजेचा दाब पडला, म्हणजे कारखान्याच्या किती पाळ्या. तीन महिने, एक दिवस न चुकता. जुलै-ऑगस्टचा रकाना तिनं स्वतःच शोधून भरलेला. सप्टेंबरचा तर माझ्या अक्षरात आहे. नलू मुलाखतीची तयारी करत होती. कामगारांच्या बसेस मी शाळेच्या फाटकातून मोजत होते.
विज्ञानाची पदवी घेतलेली बाई. एकदाही मनात आलं नाही की आपण दारूगोळ्याच्या कारखान्याच्या पाळ्या बाहेरच्या देशाला…

१३ नोव्हें.
न. म्हणाली, "चुलीत घालून टाकू."
"मूळ प्रत तिकडे आहे. इथली जाळली तर लपवलं एवढंच उरेल."
"तुझं काय जाते, आई? नोकरी माझी जाते."
आवाज खाली कर म्हटलं. भात तसाच राहिला, दोघींचाही.

१६ नोव्हें.
कोणी आलं नाही. सायकलची घंटा वाजली की मी दारात. नववीला ओहमचा नियम शिकवताना दोनदा चुकले, मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.
पोस्टमननं आणखी एक कार्ड आणलं. बर्फाचा डोंगर. न.नं हातातही घेतलं नाही. मी मागचा मजकूर ताडून पाहिला. वेळ बरोबर होती.

१८ नोव्हें.
वामन मासे घेऊन आला. दारातच उभा.
"बाई, मी हवालदाराले सांगतो ना, मी पेलो होतो म्हणून."
"तू पीत नाहीस."
"तं आता पेतो. त्याच्यात काय?"
नको म्हटलं. खोटं बोलायला माणूस भाड्यानं घेणार नाही. मासे ठेवून घेतले.
न. आतून हसली. बऱ्याच दिवसांनी.

२० नोव्हें.
हवालदार आला. साहेबांनी सगळं मागवलं आहे, उद्या सकाळी नेणार. न. म्हणाली, "मेळावा झाल्यावर न्या ना. दोनच दिवस." तिला आशा होती की मी हवालदाराशी बोलेन. मी किती वाजता येणार एवढंच त्याला विचारलं. ती आत गेली आणि बाहेर आलीच नाही.
माझी नोकरी अडीच वर्षं उरली आहे. तिची सुरूही झालेली नाही. यावर फार विचार करायचं कारण नाही.

२१ नोव्हें., सकाळ
हवालदारानं कार्डं एकेक करून पाहिली. "हे सारं फुकट भेटते? नुसतं चिठ्ठी लिवून?"
"ऐकून भेटते," न. म्हणाली.
तो पुन्हा पहिल्या कार्डापासून पाहू लागला. नऊ वाजले.

दिलं ते असं:
कार्डांची वही, कार्डं एकसष्ट. सुटं कार्ड एक, बर्फाचं.
नोंदवह्या तीन.
रेडिओ, परवान्यासकट. मागची पट्टी सैल आहे, तसं लिहून घ्यायला लावलं.
अहवालांच्या कार्बन प्रती, सगळ्या. त्यांत जुलै ते सप्टेंबरचे तीनही.
माझं निवेदन, एक पान. कारणाचा रकाना तीनही महिने माझा. सप्टेंबरचा मी स्वतः भरला. जुलै आणि ऑगस्टचा मी सांगितला, मुलीनं फक्त उतरवला, तिला अर्थ माहीत नव्हता, असं लिहून दिलं. खाली सही, हुद्दा, तारीख. न.ला वाचायला दिलं नाही.