यजमानांचं काशाचं वाडगं काळं पडलं त्याची हकिकत

माझ्या धाकट्या बहिणीला, बुन-इला, थोरल्या जोम-सुनकडून ओंजळभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत, भावजींचा खोकला गेला का, आणि त्या पांढऱ्या कुत्रीला शेवटी किती पिल्लं झाली ते कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल. मिरच्या वाळल्या, तीळ झोडून झाले. गावच्या समाजघरात म्हाताऱ्यांसाठी लिहायवाचायचा वर्ग चालतो त्यात मी आता पुढच्या बाकावर बसते (मागे ऐकू येत नाही म्हणून, पण तू लोकांना हुशारीमुळे असं सांग). हे पत्र मी कुणाला न विचारता लिहिते आहे. ऐंशीला एक कमी असताना अक्षर हातात आलं, आता ते थांबत नाही, तेव्हा कंटाळू नकोस.

तर आपला नातू ताए-होन बायकोला घेऊन चुसोकच्या सुगीच्या सणाच्या बारा दिवस आधीच आला. नातसुनेचं नाव हे-रिन. सोलला दातांच्या दवाखान्यात लोकांच्या दातांवरचे डाग काढायचं काम करते. पोरगी गोड आहे, फक्त बोलताना माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या नणंदबाईंचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होता. (त्या पलीकडच्याच गल्लीत राहतात, आणि रोज सकाळी येऊन माझ्या सोयाच्या रांजणांची झाकणं उघडून बघतात, रांजण जणू त्यांच्या माहेरचे. आहेत म्हणा माहेरचेच.) हे-रिनने पहाटे उठून गोमांस घालून समुद्री शेवाळाचं सूप केलं आणि घरातलं सगळ्यात मानाचं भांडं म्हणून पेटीतून काशाचं झाकणाचं वाडगं काढून त्यात वाढलं. आता ते वाडगं कुणाचं, तर तुझ्या दिवंगत भावजींचं, माझ्या यजमानांचं. चुसोकला पूर्वजांच्या पानावर त्यांचा भात त्यातच वाढतात. पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

नणंदबाईंनी सूप चवीनं संपवलं, दोनदा मागून घेतलं, आणि तळ दिसला तर तळाला हाताच्या तळव्याएवढा काळा डाग. तुला ठाऊकच आहे, आपल्यात म्हणतात की कासं विष ओळखतं. नणंदबाईंनी चमचा खाली ठेवला, गळा धरला आणि खालून शेकलेल्या उबदार जमिनीवर आडव्या झाल्या. ताए-होनला म्हणाल्या, "माझा रेशमी पोशाख वरच्या खणात आहे." आम्ही सगळे भोवती बसलो. तासभर बसलो. दुसऱ्या तासाला त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "भात उरलाय का?"

हे-रिन हळूच म्हणाली, "आजी, डाग आधीपासूनच होता. मला वाटलं, जुनं भांडं आहे, रंगच तसा असेल."

"ऐकलंत? वर तोंड करून बोलते," नणंदबाई भात खाता खाता म्हणाल्या. आणि निकाल दिला की डागाचं कारण सापडेपर्यंत या मुलीचा हात पूर्वजांच्या पानाला लागणार नाही. ताए-होन म्हणाला, मग आम्ही उद्याच सोलला जातो. पोरगी नुसती भांडी घासत राहिली, आणि मला तेच बघवेना.

पण बुन-इ, मला त्या डागाचं फार कुतूहल वाटायला लागलं. ताए-होनला म्हटलं, चार दिवस थांब. काशाचे नऊ चमचे काढले, नऊ वाट्यांत नऊ पदार्थ घातले, प्रत्येकात एक चमचा बुडवला आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी लिहिली: किमची, सोयाबीनची पेस्ट, लसूण, अंडं, नासपती, हे-रिनचं सूप, असं. (चिठ्ठ्या मी लिहिल्या. वर्गातल्या बाई बघायला आल्या होत्या.) दोन दिवस ओसरीवर रांग लावली. शेजारणी रोज फेरी मारून चमचे वाकून बघत. नासपतीचा चमचा मांजरानं पाडला, तो बाद. किमचीतला तर नव्यासारखा चकाकत निघाला, आंबटानं कासं उजळतं म्हणे. लसणातला जरा मळकट. आणि सूपातला? स्वच्छ. मी तो नणंदबाईंच्या नाकासमोर धरला. त्या म्हणाल्या, "सूपानं नाही, मग कशानं? ते सांग." मी वाट्या आवरायला घेतल्या. (अंड्यातल्या चमच्याबद्दल खाली लिहिते.)

मग वाडगं घासायचं निघालं. नणंदबाईंचा हट्ट, कौलाची पूडच हवी. हल्लीची कौलं कुठली चांगली, म्हणून मी गोठ्यावरचं एक जुनं काढलं, कुटलं, चाळलं. (दुपारी पाऊस आला. गाईनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.) हे-रिन म्हणाली, मी पीठ, मीठ आणि व्हिनेगर कालवून लावते. शेवटी वाडग्याच्या मध्यावर दोरा बांधला आणि दोघी समोरासमोर चटईवर बसल्या. एकीकडे चौऱ्याऐंशी वर्षांची बाई पेंढ्याचा बोळा घेऊन, दुसरीकडे ही दातांचा ब्रश घेऊन. हिची बाजू आधी उजळली, पण तांबूस झाली. त्यांची उशिरा, पण असा मऊ पिवळा उजेड आला की हे-रिननं स्वतःहून ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, "मला शिकवा ना."

"मनगट सैल सोड गं. हा काय कुणाचा दात आहे?" नणंदबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत दोघींचे हात कोपरापर्यंत काळे, आणि डाग गेलेला. घरी जाताना नणंदबाई मला म्हणाल्या, "हात चांगला आहे पोरीचा. पण डागाचं उत्तर मिळाल्याशिवाय पानाला नाही."

असो. भावजींना नमस्कार सांग, पिल्लांपैकी एक माझ्यासाठी ठेव. तब्येतीला जप.

तुझी थोरली,
जोम-सुन

ता. क. आता खरं कारण. डॉक्टरांनी मला अंडी बंद केली आहेत आणि पहारा नणंदबाईंचा. ऐन उन्हाळ्यात मी चार अंडी उकडून, सोलून, अर्धी करून यजमानांच्या वाडग्यात झाकून पेटीत ठेवली. पेटीत त्या बघत नाहीत. दोन खाल्ली, बाकीची विसरले. वास आल्यावर टाकली, वाडगं फडक्यानं पुसलं आणि तेही विसरले. अंड्यातला चमचा कोळशासारखा निघाला तेव्हा आठवलं. तो माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात आहे. तर तू मंगळवारपर्यंत ये आणि सगळ्यांसमोर सांग की उन्हाळ्यात आलीस तेव्हा अंडी तूच ठेवलीस. तुझ्यावर त्या रागावत नाहीत.

आणखी एक. येताना तुमच्याकडचं एक कौल आण. गाय भिजते.

आणखी एक, सकाळी लिहिते. पाकिटावर पत्ता बारीक अक्षरात हवा म्हणून काल पत्र हे-रिनकडे दिलं होतं. उघडंच. पत्ता लिहून तिनं ते तसंच परत आणून दिलं. आज न्याहारीला चिनी मातीच्या वाटीत वाफवलेलं अंडं आलं. नणंदबाईंनी विचारलं, "हे कुणाला?" हे-रिन म्हणाली, "मला," आणि त्या रांजण बघायला वळल्या तशी वाटी माझ्याकडे सरकवली. बुन-इ, मला ते अंडं गिळवेना. तेव्हा तू दोष अंगावर घ्यायला येऊ नकोस, चुसोकला नुसतीच ये. नणंदबाईंना मीच सांगणार आहे, आजच, काळा चमचा पुढे ठेवून, म्हणजे यजमानांच्या पानावर भात हे-रिनच वाढेल. आधी त्यांना पोटभर जेवू घालते. उपाशीपोटी आडव्या झाल्या तर या वेळी दोन तासांत उठायच्या नाहीत.