गव्हर्नरसाहेब, तलवार दिली बरं का!

प्रिय पास्कूकाका,

काल पॅरिश हॉलमध्ये आपलं नाटक झालं आणि त्यात तुमचा पराभव झाला. दणदणीत! तिकडेही वसईची माणसं भरपूर असणार, तिखटमीठ लागून बातमी पोचायच्या आत आपणच कळवावं म्हणून लिहायला बसलोय.

काय गव्हर्नर उभा करायचात तुम्ही! मनिलाचा शेवटचा स्पॅनिश साहेब. साम्राज्य बुडतंय, पण मिशा वर! इतिहासातल्या साहेबाने अमेरिकनांशी आधीच ठरवून लुटुपुटूची लढाई केली. का? तर हरायचंच असेल तर गोऱ्याकडून. फिलिपिनोच्या हाती शहर द्यायचं नाही. मी नाटकात तेवढं सुधारून घेतलं होतं. शेवटी गव्हर्नर तलवार फिलिपिनो सेनापतीला देतो. साधी सूचना होती, काका! पण दर वर्षी तुम्ही ऐन वेळी वळायचात आणि अमेरिकन झालेल्या डिसोझाच्या हातात ती कोंबायचात. सेनापती झालेला रिको, स्वतः फिलिपिनो, आपला हात पसरून उभा.

आणि तलवार बनवली कुणी होती? रिकोनेच! हमरियाला तो कामाला होता त्या वर्कशॉपमध्ये, उरलेल्या पत्र्याची. "काका, नेक्स्ट इयर गिव्ह मी, हां?" तो हसून विचारायचा. तुमचं ठरलेलं उत्तर, "इन्शाल्ला, हबीबी!" दुबईत याचा अर्थ 'विसरा आता' असा होतो, हे त्यालाही माहीत होतं.

मी भांडलो की म्हणायचात, "हॉटेलात दिवसभर सगळ्यांपुढे वाकतो रे मी. वर्षातून एकदा सरळ उभा राहतो, तेही बघवत नाही तुला?" मी चहा मागवायचो.

पण यंदा रिको इथलं सगळं खलास करून कायमचा गावी निघाला. यंदा नाही तर कधीच नाही. आणि गव्हर्नरच गेलेले! नाटक बंद करतोय, हे सांगायला करामाला तुमच्या घरी गेलो. रेजिनाकाकू, म्हणजे तुमच्या संसाराच्या खऱ्या गव्हर्नर, म्हणाल्या, "त्यांची टोपी काढ वरून."

"काकू, दुखवट्याचं वर्ष आहे. लोक काय म्हणतील?"

"काळेच कपडे घालायचेत ना? गव्हर्नर काय गुलाबी घालतो?"

काल त्या तुमच्या टोपीत आल्या! चर्चमधल्या बायकांच्या भुवया कपाळात. पहिल्या वाक्याला खुसपूस. दुसऱ्याला शिट्टी!

शेवटचा प्रवेश आला. डिसोझाने सवयीने हात पुढे केला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. ती नजर तुम्हाला मी काय सांगायची? "तू सरक रे!" (हे वाक्य माझं नाही.) मग खुर्चीवरून उतरल्या, रिकोसमोर ताठ उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी तलवार पुढे धरली. "घे बाबा. तुझीच आहे."

अख्खा हॉल उठला, काका! फिलिपिनो नाचतायत, वसईकर नाचतायत, आणि रिको पत्र्याची तलवार छातीशी धरून रडतोय, फिलिपिनो सवयीने म्हणतोय, "थँक्यू, मॅम-सर, थँक्यू!"

आणि काकू कणभरही वाकल्या नाहीत. हेच तर मी घसा कोरडा करून सांगत होतो तुम्हाला! द्यायला कुठे वाकावं लागतं? का नाही ऐकलंत?

तलवार आता टॉवेलात गुंडाळून रिकोच्या चेक-इन बॅगेत गेलीय. पुढच्या वर्षी नवी बनवू. टोपी तुमचीच राहील, डोकं काकूंचं. आणि शब्द देतो, तुम्ही वरून कितीही ओरडलात तरी डिसोझाला आता तलवार मिळणार नाही.

तुमचा,
अखेर जिंकलेला दिग्दर्शक,
सुधीर