नरसिंहपूरची तुळस

बारामती, मंगळवार, १९५४

शेळगावच्या नामदेव आबांचा विहिरीचा दावा आज मीच, त्यांच्या वकिलानं, मागे घेतला. चुलतभाऊ त्यांचा अर्धा हिस्सा नाकारतो. जुन्या वाटणीपत्राची नक्कल मी खेटे घालून मिळवली होती. जिंकलोच असतो!

सकाळी आबा आले ते तुळशीचं पान घेऊन. "भावाला घिऊन नरसिंहपूरला गेल्तो. त्यानं देवापुढं तुळस उचलली, हिस्सा न्हाय म्हणाला. मिटलं."

"आबा, खोटं बोलला तो. आपल्याकडे कागद आहे."

"कागद माणसानंच लिवलाय. देवापुढं कोण खोटं बोलंल? वाटणी झाली तवा मी ल्हान, माझंच चुकलं आसंल. आन् कोर्टातली शपथ कुणी मानत न्हाय, ह्ये तुमीच म्हणला न्हवं?"

म्हणालो होतो. गेल्या महिन्यात, साक्षीदारांची चेष्टा करताना, हसत हसत. म्हणून तर ते खरी शपथ शोधत देवळात गेले.

अर्ज लिहिला. त्यांनी अंगठा उठवला आणि पान माझ्या टेबलावर ठेवून गेले. ते अजून तिथंच आहे, नकलेवर. उचलवत नाही.

उद्या दुसऱ्या दाव्यात माझा साक्षीदार ईश्वरसाक्ष खरं सांगणार आहे. काय सांगायचं, ते मीच त्याच्याकडून घोकून घेतलंय.