दोरीची गाठ

चँडलर, मंगळवार संध्याकाळ

बेसबॉल क्लबने आज ईशानला सांगितलं, खेळणं थांबव आणि कोच हो. कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलायला, उत्तम, पण बॅट चालत नाही. शुक्रवारी उत्तर हवंय. जेवताना सुजलेल्या अंगठ्याने त्याला पोळी तोडता येत नव्हती.

"घेऊन टाक. अंगठा तरी वाचेल," हे म्हणाले.

"नॉट येट, बाबा."

मलाही 'घे' म्हणायचं होतं का? होतं.

मग त्याने कोरा ग्लव्ह काढला, तेल चोळलं, आत चेंडू ठेवला. असा बांधून ठेवला की महिन्याभराने मऊ पडतो. महिन्याभराने. अंगठा वाकेना.

"आई, दोरी बांध ना."

हे बघत होते. बघू देत. गाठ मी घट्ट मारली.