उत्तरेच्या भिंतीतले दोन नळ

प्रिय राग्ना,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. तू विणून पाठवलेल्या टोपीला गोंडा आहे. सव्वीस वर्षं विद्यापीठात संस्कृत शिकवलेल्या माणसाच्या मस्तकी गोंडा असावा, याला कोणत्याही शास्त्रात आधार नाही. मी कसून शोधला. तरी उणे छत्तीस अंशांत तीच घालून टपाल आणायला जातो आणि शेजारचा ओरेस्ट कुंपणापलीकडून ओरडतो, "मास्तर, नातीची टोपी पळवलीत काय?"

दहा तारखेला तू छोट्या इंगाला माझ्याकडे सोडून बाळंतपणासाठी सास्काटूनच्या इस्पितळात जाणार, म्हणून घर उबदार हवं. नेमकी आत्ताच तळघरातली गॅसची भट्टी रुसली. पेटते, दहा मोजेपर्यंत जळते, विझते. असं तीनदा करते आणि मग तासभर ढिम्म. मी हवेची गाळणी बदलली. ज्योत लागली की नाही हे ओळखणारी एक बारीक सळई असते, ती काढून तारेच्या घासणीने घासली. फरक शून्य. शेवटी ओरेस्टला बोलावलं; जन्मभर त्याने भट्ट्याच दुरुस्त केल्यात. तो वाकून म्हणाला, "सळई तर आरशासारखी केलीत. हिला श्वास कुठून मिळतो ते बघू. चला बाहेर."

आपल्याकडे हिवाळ्याआधी थंडी आत शिरू नये म्हणून घराच्या पायाला पेंढ्याचे गठ्ठे लावतात. आजोबांनी लावले, वडिलांनी लावले, मीही लावतो. पण तुझ्या आईने आग्रहाने बसवून घेतलेली ही नवी भट्टी धुराड्यातून श्वास घेत नाही. उत्तरेच्या भिंतीतून गुडघ्याच्या उंचीवर दोन पांढरे नळ बाहेर येतात, एक हवेचा, एक धुराचा. तेवढी जागा मोकळी सोडायची असते. नेमके तिथेच दोन गठ्ठे ठासून बसवलेले. ओरेस्ट म्हणाला, "बाईच्या तोंडावर उशी दाबायची आणि वर विचारायचं, बोलत का नाहीस!" सवयीने हात चालले असतील, असं मी कबूल केलं. गठ्ठे हलवले. भट्टी गुरगुरायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी घर पुन्हा थंडगार. गठ्ठे पुन्हा जागच्या जागी. ओरेस्ट म्हणाला, "वारा गठ्ठे उडवतो हे पाहिलंय. रचून ठेवतो हे नवीन." मी हसलो. तो हसला नाही. "मास्तर, या धुरातला विषारी वायू घरात शिरला तर वास येत नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. तो ओळखणारी धोक्याची घंटी चालू आहे ना?" चालू होती, मी दाबून दाखवली. मग एका फळीवर लाल रंगात 'इथे गठ्ठे ठेवू नयेत' असं ठसठशीत लिहून ती नळांच्या वर भिंतीला टांगली. कुणाचा तरी खोडसाळपणा, असं मी तेव्हा ठामपणे मानत होतो.

रविवारी पहाटे ताजं बर्फ पडलं. जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं आणि स्वयंपाकघरात तोंडातून वाफ निघत होती. बाहेर गेलो. गठ्ठे नळांवर, आणि फळी काढून, लिहिलेली बाजू भिंतीकडे करून, नीट टेकवून ठेवलेली. मागच्या दारापासून गठ्ठ्यांपर्यंत आणि परत दारापर्यंत एकाच माणसाची पावलं. फाटकापर्यंतचं बर्फ कोरं होतं. एका ठशात मी माझा बूट ठेवून पाहिला. अचूक बसला. माझ्या हातमोज्यांत पेंढ्याच्या काड्या होत्या. आत आलो तर घंटी टेबलावर उघडी पडलेली, शेजारी तिची बॅटरी.

काल ओरेस्टला सगळं सांगितलं. तेव्हापासून त्याने एकही टोमणा मारलेला नाही. माझ्या घराची किल्ली त्याने खिशात टाकली, मला त्याच्या वरच्या खोलीत झोपायला लावलं आणि उद्या डॉक्टरकडे नेणार आहे. हे पत्र मी त्याच्याच टेबलावर बसून लिहितो आहे. राग्ना, भट्टी निर्दोष आहे. पण इंगाला माझ्याकडे सोडू नकोस. तिच्या दुसऱ्या आजीला आजच फोन कर. गठ्ठे तीनदा मीच ठेवले, आणि तिन्हींपैकी एकही वेळ मला आठवत नाही. मला माझीच भीती वाटते.

तुझाच,
बाबा