डांबरगोळ्यांचा सूड

३ फेब्रुवारी
आरोपी सापडला. सासूबाई!
आज लेख वाचला. जन्मल्यावर जास्त कावीळ झालेल्या मुलांमध्ये पुढे ऑटिझम अधिक आढळतो म्हणे. आमच्या जुन-काइला ऑटिझम आहे. चार वर्षांचा झाला, अजून मला हाक मारत नाही. तान्हा असताना हळदीसारखा पिवळा पडला होता. त्याच्या रक्ताला डांबरगोळ्या सोसत नाहीत, कपड्यांना त्यांचा वास असला तरी कावीळ वाढते. आणि सासूबाईंनी त्यांच्या गावाहून, लुकांगहून आणलेली दुपटी कुठली? डांबरगोळ्यांच्या पेटीतली!
सोडणार नाही.

५ फेब्रुवारी
डॉक्टर लियाओंना भेटलो. म्हणाले, काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत नाही. कावीळ हेच कारण असं सिद्ध झालेलं नाही, आणि एकट्या जुन-काइबद्दल तर काहीच सांगता येणार नाही.
म्हणजे दिसतो. डॉक्टर माझ्या बाजूने.
बाहेर थेरपिस्टबाईंनी गाठलं. बापाने रोज थोडा वेळ मुलाबरोबर जमिनीवर बसून खेळावं म्हणे. सांगितलं, सध्या मी त्याच्याच कामात आहे.

८ फेब्रुवारी
योजना पक्की. चांद्र नववर्षाचा दुसरा दिवस. त्या दिवशी रीतीप्रमाणे लेक-जावई माहेरी जेवायला, मानाची खुर्ची जावयाची. पहिला प्याला उचलायचा आणि सगळ्या गोतावळ्यासमोर भाषण.
तोवर असहकार. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल घेतला नाही. यी-छेनने घेतला. बायको माझी, पण आईच्याच बाजूची असणार. पण जुन-काइ? स्क्रीनवरच्या आजीला नाक चिकटवून बसला. फितूर.

११ फेब्रुवारी
भाषण वाढलंय. यी-छेनला ऐकवलं. ती भांडी घासत म्हणाली, शब्द छान आहेत, पण तू लिहीत बसतोस तेव्हा पोरगं तुझ्या पाठीशी येऊन बसतं, एकदा वळून तरी बघ.
न्याय मिळाला की वळेन.

१४ फेब्रुवारी
सासूबाईंनी खास माझ्यासाठी वाळवलेली माशाची गाबोळी पाठवली. उघड लाच! परत पाठवणार होतो. पुरावा म्हणून एक तुकडा चाखला.
पुरावा संपला.

१८ फेब्रुवारी, लुकांग
मानाच्या खुर्चीत बसलो. गल्लीत फटाके लागले, जुन-काइ टेबलाखाली गेला. मी उठलो, प्याला उचलला आणि कडाडलो, डांबरगोळ्या!
मामेसासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भाषण झालं.
पुढचं वाक्य येण्याआधीच सासूबाई बोलल्या. हो जावईबापू, माझ्याच पेटीतली दुपटी. तेव्हापासून रोज मनात तेच येतं. खरं असो, खोटं असो, माझ्या माथी मारा. म्हातारी आहे मी, पचवीन. पण बोलून झालं असेल तर जरा खाली वाका. पोरगं मघापासून तुमची पँट ओढतंय.
खरंच ओढत होता. मला वाटलं होतं, मांजर.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
थोडा वेळच टेबलाखाली जाणार होतो. आरोपीला विचार करायला अवधी म्हणून. गुडघे वाजले. जुन-काइने सरकून जागा केली.
फटाके पुन्हा लागले. त्याने एक हात स्वतःच्या कानावर ठेवला, दुसरा माझ्या.
माझ्या उघड्या कानाला सगळं ऐकू येत होतं. वर सासूबाई विचारत होत्या, जावयांचं ताट खालीच देऊ का?
हो म्हणालो.