कानासमोरचा सांधा

८ नोव्हेंबर १९९८, रविवार

लग्नाची ऑर्डर. चर्चमधून नवरा-नवरीला घरी आणत होतो. दोन गाणी बरी गेली. तिसऱ्यात वरचा सूर धरला आणि उजव्या कानात कोणी दाभण खुपसावा तशी कळ. सूर फाटला. क्लॅरिनेट फाटतं तेव्हा बदकासारखं ओरडतं, ते लपत नाही. इनास पुढे ट्रम्पेट वाजवत होता, तो वाजवता वाजवताच वळून बघायला लागला. बँड त्याचा, त्यामुळे लाजही त्याचीच. पुढचं गाणं मी नुसती बोटं हलवली, फुंकलंच नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. निदान कोणी बोललं नाही.

घरी सुलभाने कानात कोमट तेल घातलं. आता दुखतंय आणि चिकटही झालंय.

११ नोव्हें.

कोर्टातून साहेबांना सांगून लवकर सुटलो, कानाच्या डॉक्टरकडे. मळ काढला, बॅटरी मारून बघितलं. "कान एकदम स्वच्छ. पडदा छान." मग दुखतंय ते काय? "थंडी बाधली असेल." वसईत कसली आलीय थंडी. तरी कापूस घालून फिरतोय. कोर्टाच्या कागदांच्या नकला करणाऱ्या आमच्या विभागात सगळे मुद्दाम ओठ हलवून बिनआवाजी बोलतायत माझ्याशी. हसून घेतलं.

१५ नोव्हें., रविवार

परत ऑर्डर. ओढत ओढत निभावलं. जेवायला बसलो तर चावताना कानाखाली टक, टक. शेजारी ड्रम वाजवणारा पास्कू, त्यालासुद्धा ऐकू गेलं. "वसंतभाऊ, हाडूक चावलात काय?" पानात माझ्या नुसता भात होता.

कानाचं दुखणं, तर आवाज चावताना का?

१९ नोव्हें.

सकाळीच दादा आला. माझ्यापेक्षा मोठा, पण आमच्या फ्लॅटमध्ये आला की अजून खुर्चीच्या टोकावर बसतो. वाडीवरच्या घरात मात्र पाय पसरून बसेल.

विषय तोच, वाडी विकायचा. "वसंत, बिल्डरचा मानूस परत येऊन गेला. पोरं माझ्या मागं लागलीत. विहिरीचं पानी मचूळ झालंय, केळीला घालून काय उपयोग नाय. तुझं काय म्हननं?"

बघू, म्हटलं.

"बघू म्हंजे?"

सातबाऱ्यावर दोघांची नावं, माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही. मला वाडी विकायची आहे की नाही हे मला माहीत आहे का? वाडीवर मी वर्षातून किती वेळा जातो? पण विकायची म्हटलं की... जाऊ दे. दादा चहा न संपवता गेला.

२५ नोव्हें.

इनास म्हणाला, अक्कलदाढ असणार. त्याच्या मेहुण्याला तसंच झालं होतं. दाताच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने ठोकून बघितलं, एक दाढ किडकी आहे म्हणाला, काढून टाकली. गाल फुगून पुरी. सुलभाने आइस्क्रीम आणून दिलं. लहानपणानंतर पहिल्यांदा आजारपणाचा फायदा.

४ डिसें.

दाढेची जागा भरली. दुखणं जिथल्या तिथे. उलट आता कपाळाच्या बाजूलाही ठणकतं. म्हणजे दाढ नव्हती? की दाढही होती? विचारायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "दाढ किडलेली होतीच." ते खरंच. पण मी गेलो होतो कशासाठी?

सध्या ख्रिस्ती लग्नं बंद, नाताळपर्यंत. तेवढी विश्रांती.

९ डिसें.

सकाळी दात घासायला तोंड उघडलं तर उघडेचना. एक बोट जेमतेम जाईल एवढंच. सुलभाला सांगायला गेलो, शब्द दातांतून गाळून यावेत तसे आले. ती घाबरली. शेजारच्या बाईंनी कुठे वाचलं होतं, जबडा दुखणं म्हणजे हार्ट. झालं. दोघी मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. छातीला तारा लावून पट्टी काढली. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हृदय घोड्यासारखं आहे तुमचं."

कान छान, दाढ गेली, हृदय घोड्याचं. मी कुठे आजारी आहे?

दुपारपर्यंत तोंड आपोआप उघडलं. का उघडलं तेही माहीत नाही.

२५ डिसें.

दरवर्षीप्रमाणे इनासकडे. त्याच्या बायकोने माझ्यासाठी वेगळा मऊ भात आणि मटणाचा नुसता रस्सा ठेवला होता. बाकीचे हाडं फोडतायत, मी पेज पिणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

जेवणानंतर इनास मला बाहेर घेऊन गेला. जानेवारी भरलेला आहे, म्हणाला. मी वाजवणार की नाही ते नक्की सांग. सांगता येत नाही, म्हटलं. "वसंता, तुझं सगळं असंच. हो नाय, नाय नाय." आवाज चढला त्याचा. मग स्वतःच खाली बघून म्हणाला, आगाशीकडचा एक पोरगा आहे, रॉकी म्हणून, चांगला वाजवतो, त्याला सांगू का?

सांग, म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? 

७ जानेवारी १९९९

माणिकपूरच्या डॉक्टरीणबाई. फक्त जबड्याचं बघतात असं कोर्टातल्या एका वकिलांनी सांगितलं. तरुण आहेत, माझी मुलगी शोभतील अशा वयाच्या. मी तोंड उघडायच्या आधीच माझ्या कानासमोर बोटं ठेवली. "उघडा. मिटा. सावकाश." टक. "हा बघा, हा सांधा. कान नाही." जबड्याचा सांधा आणि त्यातली चकती जागची सरकते, ओढणारे स्नायू आखडतात, असं काहीतरी. चित्र काढून दाखवलं. चित्र कळलं.

मग विचारलं, "झोपेत दात खाता का?"

छे, म्हटलं.

सुलभा मागे बसली होती. "खातात की. चांगले करकरा. कितीतरी वर्षं."

मी वळून बघितलं. मला कधी सांगितलं नाहीस? तर म्हणते, "सांगून काय थांबणार होतात?"

बाईंनी क्लॅरिनेटबद्दलही विचारलं. खालच्या ओठाखाली दात किती दाबतो, डोकं कुठे वळवतो. मी नुसत्या बोटांनी वाजवून दाखवलं. "तीन-चार महिने बंद." बरं झालं इनासला आधीच सांगितलं. की वाईट झालं?

आणखी एक विचारलं: "कसलं टेन्शन आहे का?" नाही, म्हटलं. सुलभा काही बोलली नाही. तेही मला ऐकू आलं.

१६ जाने.

प्लेट मिळाली. पारदर्शक, वरच्या दातांवर बसते. झोपताना घालायची. घातली की बोबडं होतं. सुलभा हसून हसून लोळली. बाकी: गरम पाण्याने शेक, मऊ खाणं, सुपारी बंद, जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, आणि दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे. हे शेवटचं सर्वांत कठीण. आज कोर्टात मुद्दाम लक्ष ठेवलं. जेव्हा बघावं तेव्हा दात एकमेकांवर आवळलेले. नक्कल तपासताना, फोन वाजला की, शिपाई चहा आणतो तेव्हासुद्धा. चहावर कसला राग?

२४ जाने., रविवार

बाजारातून येताना समोरून आपलाच बँड. बाजूला उभा राहिलो. रॉकी पुढे. पोरगा चांगला वाजवतो. माझ्यापेक्षा वरचा सूर सहज लावतो, मान वाकडी न करता. पास्कूने मला बघून ड्रमवर एक जादा थाप दिली. इनासने बघितलं नाही, किंवा बघून पुढे गेला.

भाजीची पिशवी घेऊन वरात संपेपर्यंत उभा. घरी आल्यावर लक्षात आलं, सगळा जबडा दगड. आज तर मी काहीच वाजवलं नव्हतं!

१२ फेब्रु.

बरं आहे का? सुलभा रोज विचारते. मंगळवारी बरं होतं, बुधवारी नव्हतं, आज मधलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, असंच उतरतं, चढत-उतरत. तोंड आता दोन बोटं उघडतं. प्लेटवर दात खाल्ल्याच्या खुणा उठल्यात, त्यांनी उजेडात धरून दाखवल्या. मला वाटलं होतं सुलभा फुगवून सांगते.

२८ फेब्रु.

दादाची दोन्ही पोरं घरी आली, बरोबर बिल्डरचा माणूस. गोड बोलणारा. नकाशा उलगडला. विहीर जिथे आहे तिथे नकाशात गाड्या उभ्या करायची जागा. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही तर स्वतःच फ्लॅटमध्ये राहता." त्याचं काय चुकलं?

मी बघू म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. ते गेल्यावर सुलभाने शेकाची पिशवी आणून शेजारी ठेवली आणि आत गेली.

१४ मार्च

आज एकटाच वाडीवर गेलो. दादा केळीची वाळलेली पानं उतरवत होता. मी नुसता उभा. मग बोललो. कसं बोललो ते माहीत नाही. दादा, मला विकायची नाही. कारण विचारू नकोस, कारण माझ्याकडे नाही. मी इथे राहत नाही, पाणी घालत नाही, तरी नको.

जरा मोठ्यानेच बोललो असेन, कारण वहिनी ओट्यावर आली.

दादाने हातातलं पान खाली ठेवलं. मला वाटलं भडकणार. तर म्हणतो कसा, "हे आधी बोलायला काय झालं होतं? चार महिने वाट बघत होतो मी. तू नाय म्हनलास की पोरांना सांगनार होतो, काका नाय बोलतोय, विषय संपला."

म्हणजे तुलाही नको होतं?

"मला कुठं हवं होतं? पन तू गप्प. मी समजलो तुला हवंय, लाजतोयस. म्हनून पोरांना हो बोलून बसलो मी."

दोघं तसेच उभे. वहिनी म्हणाली, "घ्या. एका आईची दोन मुकी." आणि चहा टाकायला गेली.

हसावं की काय करावं.

१७ मार्च

तीन दिवस दुखलं नाही. सुलभा म्हणते, बोललात म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणतात, प्लेटचा गुण, दोन महिने झालेच की. इनासला फोन केला तर म्हणतो, वाजवणं बंद आहे म्हणून. कोर्टातले म्हणतात, दाढ काढली तेव्हाच निम्मं गेलं होतं. सगळेच खात्रीने बोलतात. दुखणं माझं, आणि खात्री नसलेला मी एकटा.

२२ मार्च

आज भाकरी खाल्ली. तांदळाची, सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर. दोन्ही बाजूंनी चावून. टक झालं, पण कळ नाही. सुलभाने विचारलं, कशी झालीय? तोंड भरलं होतं, मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं ते चटणीचं, असं सांगितलं.

३ एप्रिल

परत दुखतंय. या वेळी डावीकडे! सकाळी उठलो तर प्लेट उशीखाली, झोपेत मीच काढलेली दिसते. काल दादाच्या पोरांनी आमच्याकडे येणं-जाणं बंद केल्याचं कळलं. प्लेट काढली म्हणून दुखलं, की ते कळलं म्हणून? की दोन्हींचा संबंध नाही?

बाई म्हणाल्या, शेक चालू ठेवा, घाबरू नका.

११ एप्रिल, रविवार

डावी बाजू उतरली. ईस्टर झाला, लग्नं परत सुरू. बाईंनी थोडं वाजवायला परवानगी दिली, खालच्या पट्टीत, मध्ये थांबून थांबून. क्लॅरिनेटची पेटी उघडली. तोंडाशी बसणारं रीड वाळून वाकलेलं, नवीन लावलं. पहिली फुंक नुसती हवा. दुसरीत सूर आला. शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या, "आलं का परत?" मी म्हटलं, बघतोय.

१८ एप्रिल, रविवार

कळंबला लग्न होतं. इनासने स्वतः बोलावलं. "रॉकी वरचं वाजवेल, तू खालचं धर. चालेल?" चालेल, म्हटलं. खरंच चालणार होतं का ते तेव्हा माहीत नव्हतं. समुद्रावरून वारा, नवरीचा पदर सावरायला दोघी. रॉकी मधूनच माझ्याकडे बघून सूर आवरून घेत होता, मला जागा देत होता. मला ते आवडलं आणि लागलंही. शेवटच्या गाण्याला कानासमोर बारीक ठणका सुरू झाला, तेव्हा क्लॅरिनेट खाली केलं. इनासने मान डोलावली. 

जाताना पास्कूने पाठीवर थाप मारली. पुढच्या रविवारचं मी काही कबूल केलेलं नाही.

२५ एप्रिल, रविवार

बिल्डरचा माणूस आज चार वाजता वाडीवर येणार. पोरांनीच बोलावलंय. दादाचा काल निरोप: "मी एकदा हो बोललोय, आता तूच बोल. मी शेजारी बसतो."

सकाळी जाऊन विहिरीचं पाणी चाखून आलो. मचूळ आहे. दादा खोटं सांगत नव्हता. केळीही दमलेल्या दिसल्या. पुतण्यांना तरी काय सांगू, की मला कारण सापडत नाही? चौदा मार्चला जे इतकं ठाम वाटलं होतं ते आज तितकं वाटत नाही. नको हे नक्की. पण नको म्हटल्यावर वाडीचं करायचं काय, ते कोणालाच माहीत नाही.

उजवी बाजू जड आहे. शेक घेतला.

आताच सुलभा म्हणाली, मीही येते. लग्न झाल्यापासून दादासमोर ती वाडीबद्दल एक शब्द बोललेली नाही. आत साडी बदलतेय. वाडी विकावी की ठेवावी, तिला काय वाटतं हे मी कधी विचारलंच नाही.

रिक्षात विचारतो.